बियाणेच खाल्ले, तर पेरायचे काय?

वैरागच्या आठवडी बाजारात भाजीच्या रांगा संपल्या की वाळल्या मासळीचा वास येतो. पोत्यावर सुकटीचा ढीग, शेजारी बोंबलाच्या काड्या, एखाद्या पाटीत खारे मासे. मागच्या खेपेला तिथल्या मावशींनी बोंबलाचे दोन ढीग लावले होते. एकात हातभर नाही, पण वीतभर लांबीचे बोंबील होते. दुसऱ्यात जेमतेम बोटाएवढे. “हे बारीक का स्वस्त?” असे विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “बारीक हाय म्हणून स्वस्त हाय. चवीला सारखंच लागतंय, घ्या की.” शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी बारीक ढिगातले अर्धा किलो घेतले. घरात खाणारी तोंडे सात, मग दोष कोणाला द्यायचा?

वैरागपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. तिथे कोणते जाळे वापरावे, कोणत्या महिन्यात बोट न्यावी, किती लांबीचा मासा धरावा याचे नियम मुंबईत आणि दिल्लीत ठरतात. बार्शी तालुक्यातल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटू शकते. पण बोटाएवढा बोंबील वैरागच्या पाटीत पोहोचतो, तेव्हा तो नियम कुठेतरी वाटेत मोडलेला असण्याची शक्यता मोठी असते. आणि तो मोडला जात राहिला, तर काही वर्षांनी पाटीत बारीक बोंबीलही नसेल.

लहान मासा आणि माशाचे पिल्लू

इथे आधी एक गोंधळ दूर करायला हवा. प्रत्येक लहान मासा हा पिल्लू नसतो. आपण ज्याला सुकट म्हणतो ती बहुतेक वेळा वाळवलेला जवळा असते. जवळा हा कोळंबीच्या जातकुळीतला इवलासा जीव. तो पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटीमीटरच्या आसपासच राहतो, झपाट्याने वाढतो आणि झपाट्याने अंडी घालतो. मांदेलीही जातीनेच लहान. असे मासे खाण्यात गैर काही नाही. उलट ते अख्खे, काट्यासकट खाल्ले जात असल्याने शरीराला कॅल्शियमही मिळते.

पापलेट, बोंबील, सुरमई, घोळ यांचे तसे नाही. त्यांना वयात यायला ठरावीक लांबी गाठावी लागते. त्या लांबीच्या आधी पकडलेल्या मादीने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. म्हणजे जाळ्यात एक मासा आला असे दिसते, पण तिच्या पोटी येणारी पुढची सगळी पिढी तिच्याबरोबर गेलेली असते.

शास्त्रज्ञ म्हणूनच ‘पहिल्या प्रजननाच्या वेळची लांबी’ मोजतात. एखाद्या जातीतले निम्मे मासे ज्या लांबीला प्रजननक्षम झालेले आढळतात, ती ही लांबी. तिच्या आसपास मासेमारीची किमान मर्यादा ठरवली जाते. महाराष्ट्रात चंदेरी पापलेटासाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साध्या बॉलपेनपेक्षा किंचित कमी. बोंबलासाठी ती १८० मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभर. वाळताना बोंबील थोडा आखडतो हे धरले तरी बोटाएवढा बोंबील या मापात कधीच बसत नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ज्वारीची रास करताना पूर्वी चांगली टपोरी कणसे निवडून बियाण्यासाठी बाजूला ठेवत. कितीही अडचण आली तरी ते बियाणे दळायला जात नसे. समुद्रात आपण बियाणेही दळतो आहोत. वर त्याचा भावही नीट मिळत नाही.

हा दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट होते, कारण तो लांबीबरोबर रुंदी आणि जाडीनेही वाढतो. दहा सेंटीमीटरचे पापलेट वीस सेंटीमीटरचे झाले तर एका माशात आठ माशांचे वजन मिळते. शिवाय पापलेटाचा भाव आकारावर ठरतो, मोठ्या नगाला किलोमागे जास्त पैसे मिळतात. वाटेत काही मासे मोठ्या माशांच्या तोंडी जातील, काही मरतील, हे खरे. तरीही थांबणाऱ्याचा फायदा होतो. अडचण एवढीच की आज मी सोडलेला मासा उद्या माझ्याच जाळ्यात येईल याची खात्री कोणालाच नसते. समुद्राला बांध नाही, सातबारा नाही. म्हणून तिथे एकट्याचा शहाणपणा पुरत नाही, सगळ्यांना लागू होणारा नियम लागतो.

टनांच्या आकड्यात काय लपते

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातल्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची मोजदाद करते. तिच्या नोंदीनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये हा आकडा २.०१ लाख टनांवर आला. तो ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या लागोपाठच्या चक्रीवादळांनी ऐन हंगामात बोटी बंदरात अडकवल्या होत्या, हे त्यामागचे एक कारण. पण पापलेटासारख्या जातींची घसरण त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होती. पालघर जिल्ह्यातले सातपाटी हे पापलेटाचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथले जुने मच्छीमार आता पूर्वीइतके आणि पूर्वीएवढे पापलेट मिळत नाही, असे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

टनांचा आकडा नंतर पुन्हा वर-खाली होत राहतो. त्यावरून समुद्र बरा आहे की आजारी, हे ओळखता येत नाही. एक टन मोठे पापलेट आणि एक टन पिल्ले, दोन्ही वहीत एक टनच. घोळ आणि सुरमई कमी होऊन त्यांच्या जागी भराभर वाढणारे लहान मासे आले, तरी एकूण वजन तेवढेच दिसू शकते. वजन टिकते, पण जाती कमी होतात आणि वय घटते. एखाद्या गावात तेवढीच माणसे राहतात, पण सगळी शाळकरी पोरे, असा प्रकार. जैवविविधता कमी होते म्हणजे नेमके हेच होते. म्हणून धोरण बदलायचे तर सगळ्यात आधी मोजमाप बदलायला हवे. किती टन मासळी आली याबरोबरच कोणत्या जातीची, किती लांबीची आणि त्यात अंडी घालून झालेली किती, हे विचारायला हवे.

जाळ्यांचे प्रकार समजले की हे नुकसान कसे होते ते कळते. ट्रॉल जाळे बोटीमागे समुद्राच्या तळावरून ओढले जाते. जे समोर येईल ते खोळीत जाते. पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याभोवती टाकून खालून बटव्यासारखे आवळतात. त्यात थवाच्या थवा उचलला जातो. एलईडी दिव्यांची मासेमारी त्याहून पुढची. रात्री पाण्यावर आणि पाण्यात प्रखर उजेड सोडला की लहान जीव आणि त्यांच्या मागोमाग मासे तिथे गोळा होतात, मग ते एकगठ्ठा धरले जातात. आणि आपल्या किनाऱ्यावरचे पारंपरिक डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून बसवलेले असते. प्रवाहाबरोबर जे येते ते आत जाते. शेवटच्या खोळीचा आस बारीक असेल तर बोंबलाबरोबर पापलेटाची पिल्लेही जातात. म्हणजे दोष फक्त मोठ्या बोटींचा नाही. मोठ्या बोटीने होणारा घाव मोठा असतो, एवढाच फरक.

चाळीस वर्षांत नियम कसे बदलले

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. यांत्रिक बोटी वाढत होत्या, लहान मच्छीमारांशी त्यांचे खटके उडत होते. कोणी कुठे मासेमारी करायची, हे ठरवणे हा त्या कायद्याचा मुख्य हेतू होता. माशांचे काय, हा प्रश्न मागाहून आला.

पुढे पर्ससीन जाळ्यांचा प्रश्न पेटला. राज्य सरकारने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळाले आणि ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणि दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा कायदा सुधारला. जुने दंड इतके किरकोळ होते की बोटमालक ते खर्चात धरत. आता एलईडी मासेमारीसाठी दंड पाच ते वीस लाख रुपयांपर्यंत गेला. खटले तहसीलदारांकडे पडून राहत, ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले.

२०२३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. चंदेरी पापलेटाला ‘राज्य मासा’ म्हणून घोषित केले गेले. आणि ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. असे करणारे केरळनंतरचे हे दुसरे राज्य. राज्य मासा ही घोषणा मानाची होती, पण खरे महत्त्वाचे काम दुसरे. कायद्याने प्रथमच बोटीकडून नजर काढून माशाकडे वळवली.

जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत ठेवली जाते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती मिळाव्यात हा त्यामागचा उद्देश. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खोल समुद्रासाठी स्वतंत्र नियम जाहीर केले. एलईडी आणि जोडबोटींची बंदी त्यात आहे आणि किमान लांबीची तरतूदही.

कागदावर पाहिले तर बरीच मजल मारली आहे. मग बोटाएवढा बोंबील वैरागात येतो कसा?

नियम कुठे अडतो

पहिली अडचण हद्दीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याचा. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत, सुमारे ३७० किलोमीटर, केंद्राचा अधिकार. मासा ही रेषा ओळखत नाही. पिल्ले उथळ पाण्यात वाढतात, मोठी होऊन बाहेर जातात. बोटीही ही रेषा सोयीने ओळखतात. राज्याच्या हद्दीत अडवले तर ‘आम्ही बाहेर मासेमारी केली’ असे सांगता येते. शेजारच्या राज्यांतून वेगवान ट्रॉलर येतात, त्यांना आपल्या राज्याचा परवाना आणि आपल्या राज्याचा नियम दोन्ही परके. तमिळनाडूतल्या पर्ससीन बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने १२ मैलांबाहेर आठवड्यातून दोन दिवस, दिवसाच्या ठरावीक वेळेत, अटींसह परवानगी दिली. एकाच माशासाठी दोन सरकारांचे दोन नियम असले की पळवाट आपोआप तयार होते.

दुसरी अडचण तपासणीच्या जागेची. समुद्रात प्रत्येक बोटीमागे गस्तीनौका लावणे शक्य नाही. शिवाय पिल्लू जाळ्यात आले म्हणजे बहुतेक वेळा ते मेलेलेच असते, परत पाण्यात टाकून उपयोग नाही. म्हणून लांबीचा नियम खरा चालतो तो दोन ठिकाणी. एक, जाळे विणतानाच. ओढले की चौकटीच्या आकाराचा आस उघडा राहतो, तर शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताणाखाली मिटतो आणि पिल्लांना बाहेर निघायला वाट उरत नाही. म्हणून ट्रॉल जाळ्याच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा, असे शास्त्रज्ञ सुचवतात. दुसरे ठिकाण बाजार. बंदरावरच्या लिलावात पट्टी लावून मासा मोजणे सोपे आहे. जे विकले जात नाही ते कोणी मुद्दाम पकडत नाही. पण आज पिल्लांनाही गिऱ्हाईक आहे. जे ताटात जात नाही ते वाळवून मासळीच्या भुकटीसाठी जाते, आणि ती भुकटी कोंबड्यांच्या आणि शेततळ्यांतल्या माशांच्या खाद्यात.

तिसरी अडचण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नाजूक. नियमाचा भार कोण उचलणार? १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. हा बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ. बंदीच्या काळासाठी केंद्राची बचत आणि मदत योजना आहे. मच्छीमाराने स्वतःचे दीड हजार रुपये भरायचे, सरकार त्यात तीन हजार घालते, आणि तीन महिने मिळून साडेचार हजार हाती येतात. म्हणजे महिन्याला दीड हजार, त्यातले पाचशे त्याचेच. एवढ्यात घर चालत नाही. मग बोटीवर खलाशी म्हणून राबणारा माणूस पिल्ले सोडून द्यायला तयार होईल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

पर्ससीनवाल्यांचीही बाजू आहे. अनेकांनी कर्ज काढून बोटी बांधल्या, त्या काळात सरकारी योजनांनीच यांत्रिकीकरणाला प्रोत्साहन दिले होते. बंदरे, समुद्रातले भराव, शहरांचे सांडपाणी, तापत चाललेला अरबी समुद्र यांनीही मासा दूर गेला, त्याचा जाब फक्त मच्छीमाराला का, असा त्यांचा सवाल असतो. तो सवाल खोटा नाही. पण त्याचे उत्तर ‘म्हणून उरलेली पिल्लेही धरू द्या’ हे असू शकत नाही. बोटी कमी करायच्या तर परवाना परत करणाऱ्याला रास्त मोबदला आणि दुसरे काम द्यावे लागेल. नुसती बंदी घालून मोकळे होणे म्हणजे धोरण नव्हे.

जाळे कापणाऱ्याला भरपाई

भरपाई दिली तर काय होते, याचे एक चांगले उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. जाळ्यात नुसते मासे येत नाहीत. समुद्री कासवे, डॉल्फिन, आणि माशांमधला सगळ्यात मोठा, देवमाशाएवढा पण निरुपद्रवी व्हेल शार्कही अडकतो. २००१ पासून व्हेल शार्क वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पण तो अडकला की त्याला सोडवायचे तर महागडे जाळे कापावे लागते. कायदा सांगणार ‘सोडा’, आणि नुकसान मच्छीमाराचे.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने एक योजना आणली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले आणि त्याचे छायाचित्र वा चित्रफीत दाखवली, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तेव्हापासून कोकण किनाऱ्यावर कितीतरी कासवे आणि व्हेल शार्क असे जिवंत सुटले. ज्या मोबाइलवर एरवी मासळीचा भाव विचारला जातो, त्याच मोबाइलवर सुटणाऱ्या कासवाची चित्रफीत निघते. दंडाची भीती दाखवून जे साधले नव्हते, ते नुकसान वाटून घेतल्यावर साधले. पापलेटाच्या पिल्लांसाठीही याच वाटेने विचार करायला हरकत नाही. मोठ्या आसाचे जाळे घेणाऱ्याला त्याच्या किमतीचा भाग देता येईल. पहिल्या एक-दोन हंगामांत कमी मिळणाऱ्या मासळीची तूट भरून देता येईल.

उशीर झाला की काय होते

हे सारे टाळले तर काय, याचा धडा जगाने एकदा घेतला आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड मासा शेकडो वर्षे मुबलक मिळत होता. मोठी जहाजे आली, पकड वाढली, शास्त्रज्ञांचे अंदाज चुकले आणि इशारे मागे पडले. जुलै १९९२ मध्ये सरकारला कॉडची व्यावसायिक मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. जवळपास तीस हजार माणसांचे काम एका निर्णयाने गेले. दोन वर्षांत मासा परत येईल, असे तेव्हा वाटले होते. बंदी उठायला २०२४ उजाडले, तीही जेमतेम १८ हजार टनांच्या मर्यादेसह. बियाणे संपल्यावर जमीन पडीक ठेवूनही पीक लवकर येत नाही, हे तिथल्या एका पिढीने भोगले.

आपल्या समुद्राची गोष्ट थोडी वेगळी. इथे एकाच जातीवर सगळे अवलंबून नाही, आणि उष्ण पाण्यातल्या बऱ्याच जाती लवकर वयात येतात. म्हणजे संधी दिली तर त्या लवकर सावरू शकतात. शार्क, मुशी यांसारख्या उशिरा वयात येणाऱ्या आणि थोडीच पिल्ले देणाऱ्या जातींना मात्र ही सवलत नाही. एकदा गेल्या की त्यांची भरपाई व्हायला कित्येक वर्षे लागतात.

आपल्या दाराशी उजनी

समुद्र लांब आहे म्हणून ज्यांना हे सारे परके वाटते, त्यांनी वैरागपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असलेल्या उजनीकडे पाहावे. भीमेवरचा हा जलाशय सुमारे ११७ टीएमसीचा. त्यावर सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या मच्छीमारांची घरे चालतात. भिगवण, इंदापूरच्या बाजारांत उजनीची मासळी जाते. आज या बाजारांत चिलापी ठळकपणे दिसते. चिलापी ही मूळची आफ्रिकेतली, भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या संख्येने जगतात. ती कमी लांबीतच वयात येते आणि इतर माशांच्या जागेवर आणि अन्नावर ताबा मिळवते.

तिथेही अडचण तीच आहे. बारीक आसाच्या, स्थानिक भाषेत ‘वडाप’ म्हटल्या जाणाऱ्या जाळ्यांनी कटला, रोहूची पिल्ले उचलली जातात. एकीकडे मत्स्यबीज सोडायचे आणि दुसरीकडे ते बोटभर झाले की ओढून काढायचे, हा प्रकार म्हणजे एका हाताने पेरणी आणि दुसऱ्या हाताने उपटणी. मोठ्या आसाची जाळी वापरणारा मच्छीमार यात मागे पडतो, कारण त्याच्या जाळ्यापर्यंत मोठा होऊन मासा पोहोचतच नाही. समुद्रात राज्य आणि केंद्र अशी हद्दीची भानगड आहे, उजनीत जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय अशी खात्यांची. हिंगणी, जवळगाव यांसारख्या आपल्या जवळच्या प्रकल्पांनाही हेच तत्त्व लागू पडते. माशाला एकदा अंडी घालू द्या, मग धरा.

ताटातून सुरू होणारी सुधारणा

मासे खाऊ नका, असे सांगण्यात काहीच अर्थ नाही. आपल्या भागात मटण महाग, डाळी महाग. अशा घरांसाठी वाळली मासळी हे प्रथिनांचे स्वस्त साधन आहे. वाळलेल्या बोंबलात १०० ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वनस्पतिजन्य अन्नात जवळपास न मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व मासळीत असते. बोंबील बहुधा मीठ न लावताच उन्हात वाळवतात, म्हणून खाऱ्या मासळीपेक्षा तो रक्तदाब असणाऱ्यांना बरा. खारा बांगडा वा सुरमई मात्र त्यांनी जपूनच खावी, आणि खाण्याआधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. मासा टिकवायचा तो यासाठीच. तो संपला तर मुंबईच्या हॉटेलात दुसरा मासा येईल. वैरागच्या बाजारातल्या पाटीत मात्र त्याची जागा कोण घेणार?

म्हणून खरेदी करताना तीन साध्या गोष्टी पाहता येतात. पहिली, जातीने लहान असलेला मासा निर्धास्त घ्यावा, पण मोठ्या जातीची पिल्ले घेऊ नयेत. सुकट निवडताना त्यात चपटी, रुपयाएवढी पापलेटाची पिल्ले किंवा बोंबलाच्या काडीएवढ्या पोरी दिसल्या तर दुकानदाराला तसे सांगावे. दुसरी, बोंबील वीतभर, नाहीतर त्याच्या जवळपासचा असावा. ताजे पापलेट मिळालेच तर बॉलपेनच्या मापाने मोजावे. तिसरी, जून-जुलैत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट धरू नये. तो काळ वाळल्या मासळीचा, आपल्या आज्या उगाच पावसाळ्याआधी सुकट-बोंबील भरून ठेवत नव्हत्या.

एका काकूने बारीक बोंबील नाकारले म्हणून समुद्र भरणार नाही. त्यासाठी बंदरावर मोजपट्टी लावणारी माणसे हवीत, राज्य आणि केंद्राचा एकच नियम हवा, आणि बोट बांधून ठेवणाऱ्याच्या घरी चूल पेटती राहील एवढी मदत हवी. पण बाजार हा बोलका असतो. बारीक ढीग संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, तर पुढच्या आठवड्यात व्यापारी तो घेऊन येत नाही, हे कोणत्याही मावशी सांगतील.

परवा पुन्हा बाजारात गेलो. मावशींना १८० मिलिमीटरची गोष्ट सांगितली. त्यांनी ढिगातला एक बोंबील उचलून आपल्या हाताच्या वितीवर ठेवला. तो निम्म्यावरच संपला. “म्हंजी हे लेकरूच की,” त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, “पर म्होरनंच असं येतंय, तर मी काय करू?”

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर बाजारात मिळणार नाही. ते सरकारने द्यायचे आहे.